शालनचं तिकीट आणि माझं तोंड

दारात गाडी थांबली तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि मनातल्या मनात माझ्या धाकट्या जावेला शिव्या घालत होते. गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे, आरामगाडी. एवढी लांब, की तिचं तोंड आमच्या दारात आणि शेपूट शेजारच्या गावच्या वेशीत. बरं, वेशीत नसेल, पण मारुतीच्या देवळाच्या पुढं होतंच. खिडक्यांना निळे पडदे, पुढच्या काचेला झेंडूचा हार आणि हाराच्या मधोमध सर्जेराव थोरवतांचा हात जोडलेला फोटो.

गाडीतनं गुंडू खवरे उतरला. गुंडू म्हणजे सर्जेरावांचा उजवा हात. सर्जेरावांना अख्खा तालुका 'सरकार' म्हणायचा, त्यामुळं गुंडूही स्वतःला निदान तहसीलदार समजायचा. पण त्या दिवशी त्यानं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि वाकून माझे पाय धरले. हाच गुंडू, ज्यानं आदल्या जत्रेत माझ्या पायावरनं मोटरसायकल नेली होती आणि वळून बघितलं नव्हतं.

"चला आक्का," तो म्हणाला. "सरकारांनी खास तुमच्यासाठी पुढची खिडकी राखून ठिवलीया."

हे एवढं आदरातिथ्य कशासाठी, ते सांगते. लोकसभेची निवडणूक आली होती. आमच्या पक्षाचं तिकीट कुणाला, यावर तिघं अडून बसले होते. एरवी हे मुंबईला ठरायचं, पण त्या वर्षी तिघांचीही माणसं जीपा भरभरून मुंबईला जाऊन पुढाऱ्यांच्या दारात मांडी घालून बसायला लागली. पुढाऱ्यांना अंघोळीला जायची चोरी झाली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि सांगून टाकलं, की गावोगावचे पक्षाचे पदाधिकारी आहेत, त्यांनीच मंगल कार्यालयात जमून गुपचूप चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, तो दिल्लीच्या निवडणुकीला उभा राहील.

तिघांतले एक सरकार. बाप कारखान्याचा चेअरमन, आजा पाटील, आणि स्वतःकडं असा आवाज की 'नमस्कार' म्हटलं तरी धमकी वाटावी. दुसरे मुळीक वकील. त्यांची माणसं एका जीपमध्ये बसून वर पाय पसरायला जागा उरायची. आणि तिसरी शालन. माझी सख्खी धाकटी जाऊ, शालन चौगुले.

शालन पंचायत समितीची सभापती होती. कामाची होती. पण तिच्याकडं ना कारखाना, ना गाडी, ना पुढारी बाप. चावडीवर पैजा लावणारे तिच्या नावावर सुपारीचं खांडसुद्धा लावत नव्हते.

आणि माझी चिठ्ठी? मी गावच्या महिला आघाडीची अध्यक्ष होते. ते पद शालननंच माझ्या गळ्यात मारलं होतं, कारण सभेला बायका गोळा करायच्या तर भोंग्याची गरज पडू नये असं माणूस लागतं. भोंगा बिघडला तर मी बोलायची आणि चार गावं पलीकडं म्हशी कान टवकारायच्या.

आता मी रागावले का होते? तर ही बाई तिकिटासाठी उभी राहिली आणि मला सांगितलं नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या आम्ही. हिच्या पोटात दुखलं तर ओवा मी चघळायला देते. आणि ही दिल्लीला निघालीय हे मला कळलं कुठं, तर गिरणीत, दळण टाकताना. गिरणवाला म्हणाला, "आक्का, आता तुमचं दळण दिल्लीला पाठवायला लागंल." मला वाटलं चेष्टा करतोय. घरी येऊन विचारलं, तर शालन म्हणाली, "सांगणारच होते." एवढंच. त्या दिवसापासनं मी तिच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातनं बोलत होते. ताट आपटलं म्हणजे जेवायला ये, तांब्या आपटला म्हणजे पाणी संपलं.

तर गुंडू दारात उभा. आमच्याकडं असल्या निवडणुकीच्या आधी मतदार झाकून ठेवायची रीत आहे. कोंबड्या डालग्याखाली झाकतात तशी. फक्त माणसांच्या डालग्याला सहल म्हणतात. जे पक्के सरकारांचे होते त्यांना कशाला फिरवायचं? गाडीत बसवले होते ते सगळे काठावरचे. तळकोकणात समुद्रकाठी न्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि थेट चिठ्ठी टाकायच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात उतरवायचं. मधे कुणाची गाठ नाही, भेट नाही.

मी परातीतला उंडा तसाच टाकला, हात धुतले, ट्रंकेतनं चांगलं लुगडं काढलं. शालन सोप्यात गहू निवडत बसली होती. मी तिला ऐकू जाईल असं भिंतीला सांगितलं, की भाकरी टोपल्यात आहेत, ज्यांना दिल्लीला न्यायच्या असतील त्यांनी बांधून घ्याव्यात.

तिनं मान वर केली नाही. फक्त शेजारी ठेवलेलं एक लिंबू पुढं केलं. "घाटात गाडी लागती तुम्हाला, आक्का."

मी लिंबू घेतलं. पण रागानं घेतलं.

गाडीत चढले तर टाळ्या. गुंडूनं सगळ्यांना ओरडून सांगितलं, की खुद्द शालन चौगुलेची सख्खी जाऊ आपल्याकडं आली, आता बोला. मला एकदम सोन्याची जेजुरी दिसल्यासारखं झालं. शेजारी हसीना मुजावर बसली होती, माळवाडीची. मागच्या शीटवर आप्पा बिरनाळे, पिकलेलं पान. आप्पांना कमी ऐकू येतं असं ते स्वतः सांगायचे. पण कुजबुजलेलं सगळं ऐकू यायचं.

गाव मागं पडलं तसा गुंडू माझ्या शीटजवळ येऊन उभा राहिला, वरच्या दांडीला लोंबकळत. "आक्का, एवढी थोरली जाऊ घरात असून तुम्हाला विचारलंसुदिक न्हाई म्हनं. सांगा की लोकास्नी. बाई घरात कशी हाय ते कळू दे जरा."

मला दुसरं काय पाहिजे होतं? कालव्याचं दार उचलल्यासारखं झालं.

मी पहिल्यांदा सोऱ्यापासनं सुरुवात केली. माझ्या आईनं मला लग्नात पितळेचा सोऱ्या दिला होता, चकल्यांचा. असा सोऱ्या, की त्यातनं पडलेल्या चकलीचे काटे मोजावेत आणि गळ्यात घालून मिरवावं. तो शालननं उचलला आणि धनगरवाड्यातल्या एका बाईला देऊन टाकला. नवरा गेलेला, पदरात पोरी, काहीतरी धंदा करते म्हणत होती. मला विचारलं? छे. आता ती बाई तालुक्याच्या बाजारात चकल्या विकते, तिच्या हाताखाली चार बायका आहेत, आणि दिवाळीला मला माझ्याच सोऱ्यातल्या चकल्या पैसे मोजून विकत घ्यायला लागतात.

"काय म्हनावं आता," गुंडू खूश होऊन म्हणाला. "घरातली वस्तू बाहेर."

मला चेव आला. मी म्हटलं, एवढ्यावर थांबली असती तर देव पावला म्हटलं असतं. मागं एका दिवाळीला रस्त्याच्या ठेकेदारानं घरी पैठणी पाठवली. मोरपंखी रंगाची. पदरावरचे मोर इतके जिवंत, की मी आधी मूठभर दाणे टाकून बघितले. मी हात धुऊन येईतोवर हिनं ती तशीच परत पाठवली आणि वर निरोप दिला, की साडीपेक्षा रस्त्यावर डांबर जास्त टाक. अहो, तुला नेसायची नव्हती तर नेसू नको. पण मला घडी तरी मोडू द्यायची.

मागनं कुणीतरी विचारलं, की कुठला रस्ता तो. मी सांगितलं, शिरगावचा.

"आमचा?" तो माणूस म्हणाला. मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तरीच. दोन पावसाळं झालं, एक खड्डा न्हाई."

गुंडूनं त्याच्याकडं बघितलं. पण माझं लक्ष नव्हतं. बोलायला लागले की मला पुढचं दिसत नाही, फक्त पुढचं वाक्य दिसतं. मी गोधडीवर आले. माझ्या लग्नातली गोधडी, मायेच्या हाताची, चौकोन चौकोन जोडलेली. वाड्यावस्त्यांना एसटी येत नव्हती म्हणून शालन ती गोधडी घेऊन डेपोत जाऊन बसली. डेपोमॅनेजर म्हणाला उद्या बघू. ही म्हणाली, उद्या होईपर्यंत इथंच बसते. मॅनेजरला घरी जाता येईना, त्याची बायको डबा घेऊन आली ती शालनच्या शेजारीच बसली आणि शालनच्या बाजूनं भांडायला लागली. आता हे मी बघितलेलं नाही, पण असं झालंच असणार. शेवटी एसटी सुरू झाली. पण माझी गोधडी? तिला डेपोचं ऑईल असं मुरलं, की अजून तिच्यावर झोपलं की स्वप्नात कंडक्टर घंटी मारतो.

गाडीत हशा पिकला. हसीना मात्र हसली नाही. तिची थोरली पोरगी त्याच एसटीनं कॉलेजला जायची.

"ती गोधडी तुमची होती व्हय?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"माझीच. मग कुणाची?" मी म्हटलं.

घाटाच्या तोंडाशी गाडी चहाला थांबली. वडे तळत होते. गुंडू सगळ्यांना बशा वाटत होता आणि सरकारांची सहल कशी वाटते ते विचारत होता. लोक वडे खात होते, पण बघत होते माझ्याकडं. आप्पा बिरनाळे कप घेऊन माझ्याजवळ सरकले. म्हणाले, "आक्का, अजून काय काय ताप दिलाय तुम्हाला बाईनं?"

मग काय. घाटातनं गाडी वळणं घेत होती आणि मी एकेक वळणाला एकेक गाऱ्हाणं काढत होते. पोट ढवळलं तेव्हा लिंबू हुंगलं. रागानं घेतलेलं लिंबूही काम करतं बरं का. मी पेरणीच्या वेळचं सांगितलं, शेतात वाफसा आलेला, ट्रॅक्टर भाड्यानं आणलेला, आणि ही त्याच ट्रॉलीत एका अडलेल्या बाळंतिणीला घालून दवाखान्यात घेऊन गेली. पोर वडाच्या वळणावर ट्रॉलीतच जन्मलं. ते एवढं दांडगं निघालं, की पहिलं रडलं तर ट्रॅक्टर आपोआप चालू झाला. पण आमची पेरणी लांबली ती लांबलीच. मी चहाच्या पातेल्याचं सांगितलं. दिवस उगवायच्या आत सोप्यात माणसं येऊन बसतात, कुणाचा दाखला, कुणाचं रेशन, कुणाची सून माहेरी पळालेली. सगळ्यांना चहा. पातेलं एवढं, की एकदा त्यात रेडकू पडलं आणि पोहत काठाला आलं. आणि तो चहा करायचा कुणी? शालन बोलते, मी ढवळते.

"खरंच रेडकू पडलं?" कुणीतरी विचारलं.

"माझ्यावर विश्वास नसेल तर रेडकाला विचार," मी म्हटलं. "मोठं होऊन म्हैस झालंय. अजून तिच्या दुधाला चहाचा वास येतो."

आता गुंडूचा चेहरा बदलत चालला होता. तो आधी दांडीला लोंबकळत होता, मग शीटच्या हातावर टेकला, मग उठून ड्रायव्हरजवळ गेला. गाडीत टीव्ही होता. त्यानं त्याच्यावर पिक्चर लावला, मारामारीचा, आवाज मोठा करून. मला वाईट वाटलं. इतकं रंगात आलेलं माणूस आणि मधेच ढिशुम ढिशुम.

पण मागनं आप्पांचा आवाज आला. "गुंडू, बंद कर ते. मला ऐकू येत न्हाई."

"आप्पा, तुम्हाला तसं बी ऐकू येत न्हाई की."

"आक्कांचं येतं."

सगळे म्हणाले, बंद कर. गुंडूनं बंद केला. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, की आक्का, दमला असाल, जरा डोळा लावा. मी त्याला सांगितलं, की बोलायला आणलंस ना, मग आता बोलू दे. मी काय तुझ्या सरकारांविरुद्ध बोलतेय? मी तर आमच्या घरच्या बाईला नावं ठेवतेय.

खरंच होतं ते.

समुद्राकाठच्या लॉजवर जेवण झालं. पापलेट असं, की डोकं माझ्या ताटात आणि शेपूट हसीनाच्या. आप्पा माळकरी, ते आपले सोलकढी आणि भात. सूर्य खाली चालला होता. आम्ही सगळे वाळूत बसलो. लाटा येऊन पायाला लागत होत्या. माझी गाऱ्हाणी संपत आली होती, म्हणजे खरी संपली होती, खोटी शिल्लक होती. तेवढ्यात हसीनानं विचारलं.

"आक्का, आता सरकारांची एखादी गोष्ट सांगा की."

मी तोंड उघडलं. म्हटलं, सरकारांची गोष्ट म्हणजे... आणि थांबले. मी, जिच्या तोंडातनं सुटलेली चकली सुद्धा एवढी मोठी होते की बैलगाडीत घालावी, ती मी थांबले. सरकारांनी माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. माझी कुठली वस्तू नेली नव्हती. माझी झोप मोडली नव्हती. माझ्या दारात चहाला कुणाला पाठवलं नव्हतं. त्यांच्याबद्दल तक्रार करायलासुद्धा काही सापडेना.

मी आजूबाजूला बघितलं. म्हटलं, तुम्ही सांगा कुणीतरी. शिरगावचा माणूस विचारात पडला. आप्पांनी डोकं खाजवलं. शेवटी सगळे गुंडूकडं बघायला लागले.

"सरकारांच्या वडलांनी," गुंडू म्हणाला, आणि पुढं त्याला काय आठवेना. मग म्हणाला, "पापलेट ताजं होतं का न्हाई?"

"ताजं होतं," हसीना म्हणाली.

आप्पांनी वाळूतला एक शिंपला उचलला, उलटापालटा करून परत ठेवला. "व्हय. म्हंत्यात ताजं होतं."

मला शालनचा राग आलेला होताच, पण त्या रागाला आता धड बसायला जागा सापडत नव्हती. दिवसभर मी तिची एकेक चूक काढून वाळूवर मांडली होती आणि आता बघते तर सगळ्या चुका मिळून एक बाई झाली होती, आणि ती बाई दिल्लीला जायच्या लायकीची दिसत होती. मला याचा जास्तच राग आला. पण काय करणार.

चिठ्ठ्या टाकायच्या दिवशी गाडी मंगल कार्यालयाच्या दारात लागली. सरकार स्वतः स्वागताला उभे, प्रत्येकाला गुलाबाचं फूल. माझ्या हातात फूल देताना म्हणाले, "आक्का, तुम्ही आलात, आम्हाला घरचं माणूस भेटलं." मी म्हटलं, पापलेट ताजं होतं.

शालन एका कडेला उभी होती, इस्त्री विस्कटलेल्या सुती साडीत, सोबत दोनचार माणसं. मी तिच्या समोरनं गेले. तिनं विचारलं, गाडी लागली नाही ना. मी तिला उत्तर दिलं नाही. पण जाता जाता तिचा पदर खांद्यावरनं घसरला होता तो नीट केला. पदर नीट केला म्हणजे बोलले असं होत नाही.

मुंबईहून आलेल्या निरीक्षकांनी चिठ्ठ्या मोजल्या. सरकारांच्या माणसांनी पेढ्यांचे बॉक्स आधीच उघडून ठेवले होते, माश्या बसू नयेत म्हणून एक जण पंख्यानं वारा घालत होता. मग निरीक्षक उभे राहिले, चष्मा पुसला आणि शालन चौगुले यांचं नाव वाचलं. सरकारांची पक्की माणसं सरकारांकडंच राहिली होती, मुळीक वकिलांची जीप मुळीक वकिलांकडं. पण काठावरची ती लांबलचक आरामगाडी, निळ्या पडद्यांसकट, शालनच्या अंगणात उतरली होती.

गुंडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पेढ्याचा बॉक्स तसाच हातात. "आक्का, सरकारांचं मीठ खाऊन तुम्ही घात केला."

"मी?" मी म्हटलं. "मी दोन दिवस माझ्या जावेची नालस्ती करत होते. साक्षीला अख्खी गाडी आहे. विचार आप्पांना."

आप्पा मागं उभेच होते. "मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले, आणि गुंडूच्या हातातला एक पेढा उचलला.

गावात आले तर माझा थाट काय विचारता. लोक म्हणायला लागले, आक्कांनी गनिमी कावा केला, शत्रूच्या गोटात शिरून शत्रूचा दारूगोळा उडवला. मी काही नाही म्हटलं नाही. लोकांचं मन का मोडा? उलट मी थोडं सांगत गेले, की हा बेत मी गिरणीतच केला होता, दळण पडेपर्यंत सगळा नकाशा डोक्यात तयार. दर वेळी सांगताना गाडी वाढत गेली. शेवटी शेवटी तर ती दुमजली झाली होती आणि मी टपावर बसून घाट उतरले होते.

शालन हे सगळं ऐकायची आणि हसायची. एका संध्याकाळी मी असंच सोप्यात बायकांना सांगून आत आले, तर ती चुलीपुढं भाकरी थापत होती. चुलीपुढं मी असते, ती नाही. म्हणून मी थबकले.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा बेत फारच भारी होता."

"होताच मुळी."

"मी डेअरीत दूध घालताना गुंडूच्या बायकोला सांगत होते. म्हटलं, तुमच्या सरकारांना म्हणावं, बाकी कुणालाही सहलीला न्या, पण आमच्या आक्कांना तेवढं नेऊ नका. त्यांनी माझ्याबद्दल तोंड उघडलं तर माझं काही खरं नाही." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "दुसऱ्याच दिवशी गाडी दारात."

मी पाटावर बसले. म्हणजे बसले नाही, पाट माझ्याखाली आला.

"आणि मला सांगितलं नाहीस, ते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता. रागावला नसता तर त्या गाडीत चढला नसता. आणि चढला असता तरी माझं कौतुक करत बसला असता. जावेनं केलेलं कौतुक कोण ऐकतं?" ती माझ्याकडं बघून हसली. "आक्का, तुम्ही नळावर माझ्या नावानं बोटं मोडली की दुसऱ्या दिवशी चार बायका माझ्याकडं काम घेऊन येतात. मी सभापती झाले ते कशानं, तुम्हाला काय वाटलं?"

मला असा राग आला, असा राग आला, की चुलीशेजारच्या लाकडानं आपोआप पेट घेतला. मी तिथंच ठरवलं, की आता या बाईबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मला डालग्याखालची कोंबडी समजते काय.

आणि मी गप्प बसले. गावाला आधी वाटलं मी आजारी आहे. एकानं वैद्य आणला. प्रचार सुरू झाला होता, खरी निवडणूक तोंडावर आली होती, आमच्या सोप्यात गावोगावच्या बायका येऊन बसत होत्या, आणि मी नुसता चहा ढवळत होते. बायका विचारायच्या, आक्का, शालनबाई घरात कशा आहेत हो. मी म्हणायची, बऱ्या आहेत. बायका एकमेकींकडं बघायच्या आणि लवकर उठून जायच्या.

शालनची झोप उडाली. तिनं दिराला मधे घातलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला. ते आले, खाकरले आणि परत गेले. मग एका सकाळी, सोपा बायकांनी गच्च भरलेला असताना, ती माझ्याजवळ चुलीपाशी आली. पदराखालनं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. माझा पितळेचा सोऱ्या. चिंच लावून घासलेला, लखलखीत.

"त्या बाईला नवीन घेऊन दिला," ती म्हणाली. "हा तुमचा तुम्ही घ्या. पण असं मुकं राहू नका, आक्का. चुकलं माझं."

मी सोऱ्या हातात घेतला. त्याच्या दांड्यावर माझ्या आईचं नाव होतं. बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं असेल, पण ते धुरानं. मग मला एकदम सोप्यातल्या बायकांची आठवण झाली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना.

"शाले," मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय का? हा परत आणलास तर मी बाहेर जाऊन सांगू काय?"

मी सोऱ्या तिच्या पदराखाली परत कोंबला आणि मागच्या दारानं तिला बाहेर काढलं, की जा, त्या बाईला देऊन ये, कुणाला दिसू देऊ नकोस. मग मी पदर खोचला, घसा साफ केला आणि सोप्यात गेले. बायका माना वर करून बघायला लागल्या.

"बायांनो," मी म्हटलं, "काय सांगू तुम्हाला या बाईचं. माझ्या आईचा सोऱ्या होता, पितळेचा. गेला तो गेलाच."